उपग्रह, बांध आणि जागचा न हलणारा खांब

गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाने मोबाईलवर एक ॲप घेतलं आणि बांधाबांधाने फिरून स्वतःच शेत मोजलं. सकाळी 38 गुंठे भरले. दुपारी त्याच वाटेने फिरला, तर 43. सातबाऱ्यावर 40. "अमावास्येला कशाला फिरलास?" ही काकूची मीमांसा. अमावास्येचा इथे काडीचा संबंध नाही. दुपारच्या उन्हाचा मात्र असू शकतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो आणि त्या वेळेवरून फोन अंतर काढतो. वेळेत एक अब्जांश सेकंदाची चूक झाली की अंतर 30 सेंटिमीटरने चुकलं. त्यात वाटेत आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर लागतो. सूर्यप्रकाशाने तिथल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात, दुपारी त्यांची दाटी वाढते आणि त्यातून येताना संदेश रेंगाळतो. झाडं, भिंती त्यात भर घालतात. एवढं सगळं होऊन फोन तीन-पाच मीटरच चुकतो, हेच मला नवल वाटतं. रस्ता शोधायला तेवढं पुरतं. पण 100 मीटर लांबीचा बांध चार मीटर सरकला, की जवळजवळ चार गुंठे इकडचे तिकडे!

भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्र सरकार 2008 पासून योजना राबवतं आहे. 2016 पासून तिचा सगळा खर्च केंद्राचा. फेब्रुवारी 2025 मध्ये शहरी जमिनींसाठी 'नक्शा' हा कार्यक्रम आला: 152 शहरं, 194 कोटी रुपये. बातमीत फोटो असतो तो ड्रोनचा. माझ्या मते मोजणीतली सगळ्यात मोलाची वस्तू फोटोत कधीच येत नाही, कारण ती काहीच करताना दिसत नाही. ती म्हणजे एका जागी कायम उभा असलेला अँटेनाचा खांब, म्हणजेच 'कॉर्स' स्थानक. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी 77 स्थानकं उभारली आहेत.

या खांबाची जागा आधीच काटेकोर ठरवलेली असते. उपग्रह त्याला "तू दोन मीटर पूर्वेला आहेस" असं सांगू लागले, की ती चूक आकाशाची, हे उघड आहे. आसपासच्या शेतांवरचं आकाश जवळपास तेच, म्हणून चूकही जवळपास तीच. स्थानकांकडून आलेली दुरुस्ती इंटरनेटवरून भूकरमापकाच्या हातातल्या रोव्हरला, म्हणजे दांडीवरच्या फिरत्या मोजणी यंत्राला मिळते.

यापुढची करामत माझ्या खास आवडीची. रोव्हर संदेशावर थांबत नाही, तो संदेश वाहून आणणारी लहरच मोजतो. तिची लांबी 19 सेंटिमीटर, आणि ती कितव्या टप्प्यात आहे हे यंत्राला दोन-तीन मिलिमीटरपर्यंत कळतं. मात्र मध्ये पूर्ण लहरी किती गेल्या, ते कळत नाही. टेपवरच्या सुताच्या रेषा लख्ख दिसाव्यात आणि फुटांचे आकडे पुसलेले असावेत, तशी गत. मग यंत्र एकाच वेळी अनेक उपग्रह धरतं, रोव्हरच्या मापातून खांबाचं माप वजा करतं, त्यातून पुन्हा एका उपग्रहाचं माप दुसऱ्यातून वजा करतं. असं केल्याने दोन्हीकडच्या घड्याळांच्या चुका कटतात. उरलेल्या गणितात पूर्णांकांचा असा एकच संच शोधायचा, की सगळी अंतरं एका बिंदूत मिळावीत. तो सापडला की पडद्यावर 'फिक्स' उमटतं आणि चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. तोवर 'फ्लोट'.

आता जुना नकाशा. मुंबई इलाख्यात मोजणी व्हायची ती 33 फुटी साखळीने. त्या साखळीचा चौरस म्हणजे 1,089 चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा. ही साखळी वापरून दोन इंच ताणली गेली, तर दर एकरामागे सुमारे 440 चौरस फूट जागा कागदावर कमी लागते. अशा मापांवरून काढलेला नकाशा स्कॅन केला की चूकही जशीच्या तशी स्कॅन होते. ब्लॉकचेनने, म्हणजे नोंद गुपचूप बदलता न येणाऱ्या संगणकी वहीने, जमिनीचे वाद मिटतील म्हणणाऱ्यांनी एकदा बांधावर येऊन उभं राहावं. जमीन महसूल संहितेच्या कलम 157 नुसार सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंतच खरी मानायची असते, आणि ते विरुद्ध सिद्ध करायला उपग्रह येत नाही.

चुलतभावाने शेवटी रीतसर पैसे भरून मोजणी मागवली. तीन कोपऱ्यांवर यंत्र लगेच 'फिक्स' झालं. चौथ्या कोपऱ्यावर कडुलिंबाखाली मात्र 'फ्लोट'च राहिलं. फांद्यांतून आकाशच दिसत नव्हतं. भूकरमापकाने दांडी बाहेर उघड्यावर रोवली, दोन बिंदू घेतले आणि तिथून टेप ओढून कोपरा काढला. तो निघाला खोडाच्या पलीकडे दीड हातावर. शेजारचे आप्पा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "साहेब, झाड माझ्या आजाने लावलंय. त्याने काय दुसऱ्याच्या रानात लावलं असंल का?"

भूकरमापकाने झाडाची खूण नकाशावर काढली आणि दोघांकडे सहीसाठी पेन पुढे केलं.