पार्श्वभूमी : पडदा का सरकतो, आणि हे कळायला इतका वेळ का लागला

सांगली-मिरजेकडं डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलं की 'पडदा सरकलाय' हे कधी ना कधी कानावर पडतंच. मोतीबिंदू घरोघरी माहितीचा, त्यामुळं दिसायला कमी आलं की सगळं त्याच्याच नावावर जातं. "मोतीबिंदू असंल, पिकू दे, ऊस गेला की बघू." मोतीबिंदूला चार महिने थांबलं तरी बहुधा चालतं. पडद्याला चार दिवसही जड जातात, आणि दुखत तर काहीच नाही.

पडदा म्हणजे डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला अस्तरासारखा बसलेला पातळ थर. त्याच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मागच्या थरातल्या रक्तावर जगतात. तिथून सुटला, म्हणजेच सरकला, की त्या उपाशी पडतात.

सर्वांत जास्त आढळतो तो छिद्रामुळं सुटलेला पडदा. डोळ्याच्या पोकळीत भरलेली पारदर्शक जेली वयानुसार पातळ होते, आकसते आणि सुटताना पडदा ओढते. कुठं चिकटून बसली असेल तर तिथं तो फाटतो. मग पाणी त्या फटीतून मागं शिरतं आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा निघावा तसा पडदा सुटत जातो. मोठा मायनस नंबर, डोळ्याला लागलेली विटी किंवा चेंडू, पूर्वी झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, यांनी धोका वाढतो. अचानक काजवे चमकणं, काळे ठिपके तरंगणं, मग एका बाजूनं सावली चढत येणं, ही त्याची चाल. दुसऱ्या प्रकारात छिद्र लागत नाही. जुन्या, दुर्लक्षित मधुमेहात पडद्यावर पापुद्रे धरतात आणि तेच त्याला ओढून काढतात. तिसऱ्यात सूज, गाठ किंवा गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब यामुळं पडद्यामागं नुसतं पाणी साठतं. इथं मूळ आजारावर उपचार करावा लागतो.

हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं 1851 मध्ये डोळ्यात डोकावायचं यंत्र आणलं. त्याआधी जिवंत माणसाचा पडदा नीट पाहायची सोयच नव्हती. यंत्र आल्यावर दोनेक वर्षांतच छिद्रंही दिसली, पण बहुतेकांना ती सरकण्याचा परिणाम वाटली. लेबर या जर्मन डॉक्टरांनी 1882 मध्ये छिद्रावरच बोट ठेवलं, तरी वाद मिटला नाही. रुग्ण मात्र दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून आठवडेच्या आठवडे निपचित पडून राहायचे. घाम काढायची औषधंही देत. गुण क्वचितच यायचा.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डोळ्यांचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी छिद्र हेच मूळ धरलं. पडद्याचं चित्र काढायचं, छिद्राची जागा डोळ्याच्या बाहेरून मोजायची, तिथं बारीक छेद द्यायचा आणि तापवलेल्या टोकानं डागायचं. त्यांनी 1919 च्या सुमारास हे सुरू केलं. 1929 च्या अॅमस्टरडॅममधल्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेनंतर जगानं मानलं. माझ्या मते या विषयातला खरा पराक्रम हाच. पुढं सगळं त्यांच्याच वाटेनं गेलं: बाहेरून सिलिकॉनचा पट्टा, लेझर आणि 1970 नंतर आतली जेलीच काढून घेणारी शस्त्रक्रिया.

ही शस्त्रक्रिया झाल्यावर बऱ्याचदा डोळ्यात गॅस किंवा सिलिकॉन तेल भरतात आणि डॉक्टर काही दिवस पालथं झोपायला लावतात. गॅस असेल तर तो विरेपर्यंत विमान बंद. साताऱ्याच्या रुग्णानं महाबळेश्वरचा घाट चढण्याआधीसुद्धा डॉक्टरांना विचारावं. उंचीवर हवेचा दाब उतरतो, गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो.