बाटलीवरच्या करडाचं निजलेलं पोट

जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं उतरलं होतं, त्याच आठवड्यात लष्कर या भागातल्या आमच्या वाड्यामागे आत्याची शेळी व्यायली आणि तिसऱ्या दिवशी गेली. करडाला आईचा चिक मिळाला होता, एवढं तरी बरं. शेळीच्या गर्भात रोगप्रतिकारक द्रव्यं आईकडून पिल्लाकडे जात नाहीत. ती पहिल्या काही तासांतल्या चिकातूनच मिळतात. पुढे आत्याने त्याला बाटलीवर वाढवलं. तीन आठवड्यांत ते गुटगुटीत झालं.

“आत्या, भरडा कधी दाखवणार त्याला?” मी विचारलं.

“अगं, दूधपितं बाळ ते. त्याला कुठे चारा पचणार?”

प्रश्न रास्त आहे आणि जवळजवळ प्रत्येकजण तो विचारतो. पण चारा पोटात गेल्याशिवाय चारा पचवणारं पोट तयारच होत नाही.

शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. मोठ्या शेळीत सगळ्यांत मोठं असतं ते कोटीपोट: त्यात जंतू चारा आंबवतात आणि शेळी तो तोंडात आणून रवंथ करते. नवजात करडात हा कप्पा लहान आणि निजलेला असतो. मोठं असतं ते चौथं, खरं पोट, जिथे दूध साकळतं आणि पचतं. मान वर करून करडू चोखू लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेल्या पन्हळीच्या कडा एकमेकींना मिळतात, तिची नळी होते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. म्हणून बाटली करडाच्या डोक्यापेक्षा थोडी उंच धरावी आणि त्याला चोखू द्यावं. वाटीने घशात ओतलेलं दूध कोटीपोटात सांडून नासू शकतं किंवा फुप्फुसात जाऊ शकतं.

म्हणजे बाटली कितीही मायेने पाजली तरी कोटीपोटाच्या वाट्याला काहीच येत नाही.

ते जागं कशाने होतं? १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वासरांवर यासाठी प्रयोग झाले. काही वासरांच्या कोटीपोटात नुसत्या निर्जीव वस्तू ठेवल्या. पोट ताणलं, मोठं झालं, पण अन्न शोषून घेणारे बोटांसारखे उंचवटे त्याच्या अस्तरावर उगवले नाहीत. ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्लांचे क्षार सोडले तेव्हा मात्र ते उगवले. धान्य आंबलं की जंतू हीच आम्लं तयार करतात. करडाचं पोटही याच जातीचं. त्यामुळे धान्याच्या भरड्याने अस्तर घडतं, तर पाल्यातल्या नि भुशातल्या जाडसर चाऱ्याने पोटाचा आकार आणि स्नायू वाढतात. दोन्ही हवेत. हे वाचलं तेव्हापासून मूठभर भरड्याकडे मी वेगळ्याच आदराने बघते.

आईबरोबरचं करडू हे न शिकवता शिकतं. आई पाला ओढते, ते तिच्या तोंडाला तोंड लावून हुंगतं आणि एखादं पान चघळतं. जंतूही तिच्या लाळेतून मिळतात. बाटलीच्या करडाला हा गुरू नसतो. म्हणून आम्ही शेजारची एक शांत, निरोगी म्हातारी शेळी दिवसा त्याच्याजवळ बांधायला सुरुवात केली. माझ्या मते सगळ्यांत जास्त उपयोग तिचाच झाला.

खरं तर दुसऱ्या आठवड्यापासूनच चिमूटभर भरडा समोर असावा: मका-बाजरीचा जाडसर भरडा, हरभऱ्याची चुणी, थोडी शेंगदाण्याची पेंड, क्षारमिश्रण. आमच्याकडे मोहरीची पेंड स्वस्त मिळते, पण ती उग्र असते, करडं तोंड फिरवतात. दूध पिऊन झालं की लगेच बोटाने थोडा भरडा ओठांना लावावा. उरलेला संध्याकाळी फेकावा. शिळा, ओलसर भरडा करडू हुंगून सोडून देतं. बोरीच्या, बाभळीच्या डहाळ्या उंच टांगाव्या. यमुना-चंबळच्या बीहडांतली, म्हणजे घळींतली, जमुनापारी जातीची असो की साधी गावठी, शेळीला मान उंचावून पाला ओरबाडायला आवडतं. शिवाय टांगलेल्या चाऱ्यात लेंड्या पडत नाहीत, आणि हगवण लावणारे कॉक्सिडिया हे सूक्ष्म परजीवी लेंड्यांतूनच पसरतात.

पाणी बहुतेक घरांत विसरलं जातं. दूध कोटीपोटाला वळसा घालून जातं, म्हणून तिथल्या जंतूंना वेगळं पाणी लागतं. दूध भरपूर असलं तरी स्वच्छ पाण्याचं घमेलं जवळ हवंच.

एका गोष्टीची मात्र मला खरोखर धास्ती वाटते: शिळ्या पोळ्या आणि कणकेचे गोळे. शहरात लोक प्रेमाने ते शेळ्यांपुढे टाकतात. एवढं पिठूळ अन्न एकदम आत गेलं की पोटात आम्ल वाढतं. शिवाय आतड्यात एरवी गुपचूप राहणारा क्लोस्ट्रिडियम जंतू बेसुमार वाढून विष तयार करतो. सकाळी उड्या मारणारं करडू संध्याकाळी गेलेलं असतं. हा आंत्रविषार. त्याची लस मिळते, ती कधी द्यायची हे पशुवैद्यांना विचारावं. धान्य वाढवायचं ते दर वेळी थोडंथोडंच. हिवाळ्यातलं दवाने भिजलेलं बरसीम, म्हणजे हिरवा चारा, तेही उपाशी पोटी नको, पोट फुगतं.

दूध कधी तोडायचं? साधारण आठ ते बारा आठवड्यांत. पण दिनदर्शिका बघून नव्हे. जन्माच्या वजनाच्या सुमारे अडीचपट वजन, रोज दोन मुठी भरडा नेमाने संपणं आणि निवांत बसून रवंथ, ही तिन्ही लक्षणं दिसली की बाटल्या एकेक करून कमी कराव्या.

आमच्या करडाने भरड्याला उशिरा तोंड लावलं, म्हणून आत्याने घाई केली नाही. दुपारची बाटली आधी गेली, मग सकाळची. रात्रीची शेवटची तिने दहाव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवली. तोवर होळी होऊन गेली होती.