गाठीतल्या केराटिनला ‘टार्गेट’ म्हणण्यामागचा घोळ

केराटिन ८ आणि १८ ही प्रथिनांची जोडी दर काही वर्षांनी ‘कर्करोगावरचे नवे टार्गेट’ म्हणून पुढे येते. तिच्यासोबत एक जुना घोळही परत येतो. अँटिबॉडी विकणाऱ्याच्या कॅटलॉगमध्ये ‘टार्गेट : केराटिन ८’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच, की ही अँटिबॉडी या प्रथिनाला चिकटते. औषध बनवणाऱ्याच्या लेखी मात्र टार्गेट म्हणजे शिरेतून दिलेली अँटिबॉडी जिथवर पोहोचेल आणि जिथे चिकटल्यावर गाठीचे नुकसान होईल अशी जागा. पहिल्या अर्थाने केराटिन गेली चाळीस वर्षे उत्तम टार्गेट आहे. दुसऱ्या अर्थाने ते टार्गेट ठरते का, यावर अजून एकमत नाही.

अडचण आकाराची आणि जागेची आहे. अँटिबॉडीचा रेणू साधारण १५० किलोडाल्टनचा, म्हणजे जिवंत पेशीच्या आवरणातून आपणहून आत शिरण्याच्या मानाने फारच मोठा. हर-२ हे काही स्तनकर्करोगांत वाढलेले प्रथिन आवरणातून बाहेर डोके काढून असते, म्हणून त्यावरची अँटिबॉडी १९९८ साली औषध म्हणून बाजारात येऊ शकली. केराटिन असते आत, पेशीच्या सांगाड्यात, सुमारे १० नॅनोमीटर जाडीच्या तंतूंच्या रूपात. या तंतूंना ‘इंटरमीजिएट’ हे नाव १९६८ च्या सुमारास पडले ते स्नायूपेशीतल्या बारीक अॅक्टिन आणि जाड मायोसिन तंतूंच्या मधल्या जाडीवरून. पाठ्यपुस्तके ते सर्रास अॅक्टिन आणि मायक्रोट्यूब्यूल यांच्या मधले म्हणून शिकवतात. मापे तशीही जुळतात, त्यामुळे चूक खपून गेली.

१९७५ साली हायब्रिडोमाचे, म्हणजे अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्करोगपेशीशी जोडून अखंड वाढवण्याचे, तंत्र आले आणि एकाच केराटिनला ओळखणारी अँटिबॉडी हवी तितकी बनवता येऊ लागली. १९८२ मध्ये मानवी केराटिनांची क्रमवार यादी निघाली, १ ते १९. केस-नखांच्या कठीण केराटिनांपासून वेगळेपण दाखवायला तेव्हा ‘सायटोकेराटिन’ म्हणत. २००६ च्या नव्या नामकरणाने ‘सायटो’ काढून टाकले आणि मानवी केराटिन जनुकांची संख्या ५४ वर नेली. तरीही आपल्याकडच्या बायॉप्सी रिपोर्टवर आजही ‘सीके ७’, ‘सीके २०’ (सीके म्हणजे सायटोकेराटिन) असेच छापून येते.

पॅथॉलॉजीत, म्हणजे बायॉप्सीच्या स्लाइडवर केराटिन रंगवून गाठ ओळखताना, या अँटिबॉडींचा उपयोग निर्विवाद आहे, पण तिथेही लेबलांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. ‘कॅम ५.२’ हा क्लोन (एकाच पेशीवंशातून मिळणारी अँटिबॉडी) कित्येक ठिकाणी ‘८/१८’ म्हणून नोंदवला जातो. प्रत्यक्षात तो ८ ला आणि काही प्रमाणात ७ ला चिकटतो, १८ ला नाही. ‘एई१/एई३’ हे मिश्रण सगळी केराटिने दाखवते असा समज आहे. तेही १८ ओळखत नाही. यकृताची किंवा मूत्रपिंडाची गाठ त्यात दिसते ती ८ मुळे. म्हणून कंट्रोलला, म्हणजे रंग नीट बसला का हे तपासायला, सोबत यकृताचा तुकडा लावायचा. यकृतपेशीत फक्त ८ आणि १८ असतात, तेही बेताने. त्या पेशी नीट रंगल्या नाहीत तर अँटिजेन (अँटिबॉडी जिथे चिकटते तो भाग) उघडे पडायला उष्णता कमी पडली असे समजावे. साधारण ९ पीएचच्या बफरमध्ये ९५ ते ९८ अंशांवर वीसेक मिनिटे दिली की बहुतेक वेळा काम होते. त्याऐवजी एन्झाइमने पचवलेल्या स्लाइडवर कमी केराटिनची गाठ ‘निगेटिव्ह’ निघते आणि निदानाची दिशाच बदलते.

रक्ततपासण्यांचा धागा याहून जुना. १९५७ मध्ये गाठींमधून वेगळे काढलेले एक ‘टिश्यू पॉलिपेप्टाइड अँटिजेन’ पुढे केराटिन ८, १८ आणि १९ चे तुकडे असल्याचे उघड झाले. फुप्फुसाच्या कर्करोगात वापरली जाणारी सायफ्रा २१-१ ही तपासणी १९ च्या तुकड्यावर बेतलेली आहे. एम३० ही अँटिबॉडी १८ ला तेव्हाच ओळखते, जेव्हा मरू घातलेल्या पेशीतल्या कॅस्पेझ या प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमने ते ठरावीक जागी कापलेले असते. या सगळ्या तपासण्या पेशी मरण्यावर उभ्या आहेत. पेशी फुटते, केराटिन बाहेर सांडते, रक्तात येते. पुढच्या वादाचे मूळ इथेच आहे.

१९९० च्या दशकात स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करणाऱ्या एका गटाने दाखवले, की केराटिन ८ चे शेपटाकडचे टोक पेशीच्या बाहेर असते आणि त्याला प्लाझ्मिनोजेन हे रक्तातले प्रथिन चिकटते, ज्यापासून प्लाझ्मिन हे एन्झाइम बनते. टोकाला लायसिन हे अमिनो आम्ल आहे आणि प्लाझ्मिनोजेनला लायसिन आवडते, तेव्हा रसायनशास्त्र जुळत होते. प्लाझ्मिन भोवतालच्या ऊती पोखरते, म्हणजे गाठ पसरण्याचे स्पष्टीकरणही हाताशी होते. पण केराटिनला बाहेर पाठवणारा सिग्नल पेप्टाइड (प्रथिनावरचा ‘पत्ता’) नाही, आवरणात रुतून बसणारा भागही नाही. मग ते बाहेर येते कसे? याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही, आणि संशय घेणाऱ्यांचा सगळा भर त्यावरच आहे.

केराटिन खरेच बाहेर असते का, याचा निकाल अखेर फ्लो सायटोमेट्रीच्या (चमकत्या रंगाच्या अँटिबॉडीने रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजण्याच्या) टेबलावर लागायचा, आणि तिथेच बहुतेकांची गाडी घसरते. बशीला चिकटून वाढलेल्या पेशी ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या एन्झाइमने सोडवल्या तर पृष्ठभागावरचे जे काही असेल ते कापले जाते. म्हणून २ ते ५ मिलिमोलर इडीटीए (कॅल्शियम ओढून घेऊन पेशींची पकड सैल करणारे रसायन) वापरायचे आणि पिपेटने हळुवार सोडवायचे. ओरबाडले तर आवरणे फाटतात. यापुढचे सगळे बर्फावर, नाहीतर चिकटलेली अँटिबॉडी पेशी आत ओढून घेते. रंगवण्याआधी फॉर्मॅलिन लावायचे नाही. लावले की आवरणाला भोके पडतात आणि आतले केराटिन ‘पृष्ठभागावरचे’ म्हणून मोजले जाते. प्रोपिडियम आयोडाइड किंवा ७-एएडी हे फक्त फाटलेल्या पेशीत शिरणारे रंग टाकून मेलेल्या पेशी वगळणे तर हवेच, कारण फाटलेल्या पेशीत केराटिन इतके असते, की शंभरात दोन-तीन अशा पेशी राहिल्या तरी संपूर्ण नमुन्याची सरासरी वर जाते. सरासरी छापून हिस्टोग्राम (किती पेशी किती उजळल्या हे दाखवणारा डोंगरासारखा आलेख) न दाखवणाऱ्या आकृतीकडे म्हणूनच शंकेने पाहावे. खरोखर पृष्ठभागावर केराटिन असेल तर सगळा डोंगर थोडा उजवीकडे सरकतो. मृत पेशींची करामत असेल तर डोंगर जागेवरच राहतो आणि उजवीकडे एक लांब शेपूट येते.

एवढे करूनही एक शंका उरते. शेजारच्या फुटलेल्या पेशीतून सांडलेले केराटिन जिवंत पेशीला बाहेरून चिकटलेले असू शकते. यावर सोपा उपाय आहे. केराटिन अजिबात न बनवणाऱ्या जिवंत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) त्या फुटलेल्या पेशींच्या रसात ठेवायच्या, धुवायच्या आणि त्याच अँटिबॉडीने रंगवायच्या. त्या उजळल्या तर मूळ दावा लंगडा पडला. अर्थात गाठीतही पेशी सतत मरत असतात, त्यामुळे बाहेरून चिकटलेले केराटिनही औषधाला उपयोगी पडेल, असे विरुद्ध बाजू म्हणते. हे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही.

काहींनी तर मृत पेशींनाच लक्ष्य केले. स्वीडनमध्ये किरणोत्सारी आयोडीन जोडलेली केराटिन ८ विरोधी अँटिबॉडी गाठवाल्या उंदरांना देऊन पाहिली गेली. गाठीच्या मेलेल्या गाभ्यात ती साचते आणि किरणांचा मारा भोवतालच्या जिवंत पेशींवर होतो. याच कल्पनेवरची, पण केराटिनऐवजी डीएनए-हिस्टोनला (पेशीकेंद्रातला डीएनए आणि तो ज्यावर गुंडाळलेला असतो ती प्रथिने) चिकटणारी अँटिबॉडी चीनमध्ये २००३ साली मंजूर झाली.

टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात, आधी मुंबईत, पुढे खारघरला, प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला गेला. प्रौढ माणसाच्या तोंडाच्या अस्तरात ८ आणि १८ एरवी नसतात, तंबाखू-गुटख्याशी निगडित तोंडाच्या कर्करोगात ती उगवतात. तोंडाच्या गाठीपासून वाढवलेल्या पेशींमध्ये केराटिन ८ बंद केले की १८ ही नाहीसे होते, कारण जोडीदाराशिवाय केराटिन टिकत नाही, पेशी ते मोडून टाकते. अशा पेशींची गाठ करण्याची ताकद घटते, हे २०११ च्या कामात दिसले. म्हणजे केराटिन नुसती खूण नाही, त्याला काम आहे. पण ते काम आतले, अल्फा६-बीटा४ इंटेग्रिनच्या (पेशीला खालच्या थराशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या) संकेतांशी जोडलेले. बाहेरून आलेली अँटिबॉडी तिथवर पोहोचत नाही.

रक्तातल्या फिरत्या कर्करोगपेशी मोजण्याची तपासणी अमेरिकेत २००४ मध्ये मंजूर झाली, तीही याच मर्यादेत राहून. साडेसात मिलिलिटर रक्तातून पेशी आधी एपकॅम या पृष्ठभागावरच्या प्रथिनाने पकडायच्या, मग त्यांना भोके पाडून आतले ८, १८, १९ रंगवायचे आणि सीडी४५ ही पांढऱ्या रक्तपेशीची खूण नसल्याची खात्री करायची. पसरलेल्या स्तनकर्करोगात अशा पाच किंवा अधिक पेशी मिळणे वाईट लक्षण. ज्या पेशींनी पसरण्यासाठी एपकॅम आणि केराटिन दोन्ही टाकून व्हिमेंटिन हे सांगाड्यातले दुसरे तंतू-प्रथिन पत्करले, त्या या जाळ्यातून निसटतात, आणि हल्ली व्हिमेंटिनच पेशीबाहेर दिसते असे दावे येऊ लागले आहेत. त्यांच्याही आकृत्यांत आधी मृत पेशी कशा वगळल्या हेच पाहिले जाते.