सेल्फची पोच वेगळी, दातांची खोली वेगळी

सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, बसवला, चावी मारली आणि खालून नको तो आवाज आला, की आपल्याकडे एकच निदान होतं: "दात बसत नाहीयेत." त्यावरचा इलाजही ठरलेला: "मागे एक वॉशर टाक." या दोन वाक्यांनी जितक्या रिंगा (इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्या) खाल्ल्या, तितक्या उतरलेल्या बॅटरीनेही खाल्ल्या नसतील. सेल्फ-डायनामो उघडून माझा दिवस जातो, म्हणून एकदाचं हे लिहून टाकतो.

'दात बसत नाहीत' या एका तक्रारीत दोन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. पिनियन, म्हणजे सेल्फच्या टोकावरचा छोटा गियर, पुढे किती येतो, ही पहिली. तिला मी पोच म्हणतो. पुढे आल्यावर त्याचे दात रिंगच्या दातांत किती खोल उतरतात, ही दुसरी, म्हणजे खोली. दोन फण्या घ्या आणि एकीचे दात दुसरीत खुपसा. दात किती आत गेले, ती खोली. आता एक फणी तिच्या जाडीच्या दिशेने थोडी बाजूला सरकवा. दात अजून एकमेकांत आहेत, पण अर्ध्याच जाडीला टेकलेत. ती झाली पोच कमी.

पोच सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे थोडक्यात उरकतो. सोलेनॉइड (सेल्फवरचं विजेचं चुंबक) आतला दांडा, म्हणजे प्लंजर, ओढतं, काटा बेंडिक्सला (पिनियन आणि त्याचा क्लच यांच्या जोडीला) ढकलतो, पिनियन रिंगेत शिरतो, मग कॉन्टॅक्ट जुळून मोटर जोरात फिरते. दातावर दात आला तर आतली स्प्रिंग दबते, मोटर जरा हलली की पिनियन खाचेत पडतो. दातांची पुढची कड तिरकी मारलेली असते ती यासाठीच. काटा झिजला, प्लंजर अडकला किंवा चुकीच्या मॉडेलचा बेंडिक्स पडला की पोच बिघडते. सेल्फ नुसताच भिरभिरतो आणि इंजिन ढिम्म, ही गोष्ट तिसरीच. तिथे बेंडिक्सचा एकतर्फी क्लच घसरत असतो किंवा पिनियन बाहेरच येत नसतो. त्यात मापं काढत बसू नका.

खरी फसगत खोलीत आहे, आणि ती वॉशरमुळे आहे.

वॉशरचा सल्ला आला कुठून? अमेरिकेतून. शेव्ह्रोलेटचं 1955 साली आलेलं स्मॉल ब्लॉक व्ही-आठ इंजिन घ्या. बहुतेक मॉडेलांत त्याचा सेल्फ इंजिन ब्लॉकच्या खालच्या बाजूला सपाट पृष्ठभागावर टेकतो आणि खालून वर जाणाऱ्या दोन बोल्टांवर लटकतो. रिंग तिथून वर आणि बाजूला. सेल्फ आणि ब्लॉक यांच्यामध्ये दोन्ही बोल्टांखाली शिम (पातळ पत्र्याची चकती) घातली, की अख्खा सेल्फ खाली उतरतो आणि पिनियन रिंगपासून दूर जातो. फक्त बाहेरच्या बोल्टाखाली घातली, तर सेल्फ कलतो आणि पिनियन रिंगच्या जवळ येतो. म्हणजे तिथे शिम खोली बदलते. ते बोल्टसुद्धा साधे नसतात, दांड्यावर बारीक खाचा पाडलेल्या असतात आणि त्या भोकात घट्ट बसून सेल्फ जागेवर धरतात. तिथे बाजारातला सरळ बोल्ट लावला तर मापाला काही अर्थ उरत नाही. या इंजिनांना रिंगाही दोन मापांच्या येतात, 153 दातांची आणि 168 दातांची. सेल्फचं पुढचं तोंड रिंगेप्रमाणे निवडावं लागतं. तिथल्या माणसाला शिमा घालून जुळवावं लागतं, हे रास्तच आहे.

आता आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या बघा. सेल्फच्या तोंडावर एक गोल कडा असते. ती बेल हाउसिंगच्या (रिंग आणि क्लच झाकणाऱ्या घराच्या) भोकात घट्ट बसते आणि फ्लँज, म्हणजे बोल्टांची भोकं असलेला कान, दोन-तीन बोल्टांनी आवळला जातो. बोल्ट शाफ्टला समांतर असतात. पिनियन रिंगपासून किती अंतरावर राहील, हे त्या भोकाने कारखान्यातच ठरवून टाकलेलं असतं. फ्लँजखाली वॉशर टाकला तर सेल्फ रिंगच्या जवळ-दूर होत नाही, नुसता मागे सरकतो. खोली आहे तेवढीच राहते आणि पोच मात्र घटते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी वॉशर टाकला ती तशीच, वर नवी एक विकत घेतली.

गेल्या वर्षी ऊसतोडीच्या हंगामात एक डिझेल पिकअप माझ्याकडे ढकलत आणला. फ्लँजखाली तीन वॉशर, तेही एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक. "दादा, नवीन सेल्फ आहे, चार महिने झाले नाहीत," चालकाची एकच तक्रार. बेंडिक्स काढून उजेडात धरला. दातांचा पुढचा जेमतेम तिसरा हिस्सा आरशासारखा चकचकीत, मागचा भाग काळाच, जणू पेटीतून आज काढलेला. रिंगेचीही पुढची कड झिजून गोल झालेली. मूळ दुखणं काय होतं? पुढचा बुश, म्हणजे शाफ्टचं टोक धरणारी छोटी नळी. शाफ्ट हाताने धरून हलवला तर टकटक आवाज यायचा. शंभरभर रुपयांच्या बुशाचं काम वॉशरवर ढकललं गेलं आणि शेवटी रिंग बदलावी लागली.

बुशाचं नीट समजून घ्या, कारण गोल कडेच्या सेल्फमध्ये खोली बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. ताण आला की दोन गियर एकमेकांना दूर ढकलतात. बुश घट्ट असेल तर पिनियन जागेवर ठाम राहतो. बुशात ढिलाई असेल तर इंजिन दाबात येताच शाफ्टचं टोक बाहेर ढकललं जातं आणि दात नुसत्या शेंड्यांवर चालतात. हातात धरून बघितलं तर सगळं बरोबर दिसतं, कारण हातात ताण नसतो. काही गाड्यांत हा पुढचा बुश सेल्फमध्ये नसतोच. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये तो गियरबॉक्सच्या घरात असतो. तिथे सेल्फ दहा वेळा बदलला तरी गुण येणार नाही.

आवाजावरून ओळखायची एक खूण सांगतो, आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाची हीच आहे. आवाज कसा आहे त्यापेक्षा कधी येतो ते ऐका. चावी धरलेली असताना, इंजिन अजून लागलेलं नसताना बारीक, उंच किंचाळी येत असेल तर दात उथळ बसतात, अंतर जास्त आहे. इंजिन लागलं, चावी सोडली आणि मग 'सुंईऽऽ' करत भोंग्यासारखा आवाज उतरत गेला, तर दात प्रमाणाबाहेर खोल बसलेत आणि पिनियनला बाहेर निघायला त्रास होतोय. चावी मारताक्षणी 'खर्रर्र' झालं आणि मग गाडी लागली, तर दुखणं आत शिरतानाचं आहे: पोच किंवा खाल्लेली रिंग. खोल बसलेल्या दातांकडे दुर्लक्ष करू नका. पिनियनला नऊ-दहा दात आणि रिंगला शंभरावर. 153 दातांच्या रिंगेवर नऊ दातांचा पिनियन म्हणजे इंजिनच्या एका फेऱ्याला त्याचे 17 फेरे. इंजिन हजारावर आलं की अडकलेला पिनियन 17 हजारांवर गेला. एकतर्फी क्लच आर्मेचरला (मोटरच्या फिरत्या भागाला) वाचवतो, पण किती वेळ? अॅल्युमिनियमचं तोंड तडकलेले सेल्फ येतात, त्यात हे एक कारण असतं.

मापायचं कसं? आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हे सांगावं लागतं, कारण रिंगेत बोट आणि कुणीतरी चावी फिरवतंय, असं मी पाहिलंय.

पोच मोजायला व्हर्नियर पुरे. बेल हाउसिंगच्या तोंडापासून रिंगच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. सेल्फच्या फ्लँजपासून आत बसलेल्या पिनियनच्या टोकापर्यंतचं घ्या. वजाबाकी करा. वर सांगितलेल्या शेव्ह्रोलेटवर हे मोकळं अंतर साधारण दीड ते तीन मिलिमीटर ठेवतात. उलट आलं, म्हणजे पिनियन बसल्याजागीच रिंगला घासत असेल, तर सेल्फच चुकीचा आहे. जपानी धाटणीच्या सेल्फच्या पुस्तकात 'पिनियन गॅप' नावाचं आणखी एक माप असतं, बऱ्याचदा 0.5 ते 2 मिलिमीटर. ते सोलेनॉइडला करंट देऊन, पिनियन आणि त्याच्यापुढच्या स्टॉपरमध्ये मोजायचं, आणि सोलेनॉइडखालच्या पॅकिंगने जुळवायचं. त्याचा रिंगेशी थेट संबंध नाही. करंट दहा सेकंदांच्या वर देऊ नका, कॉइल जळते.

खोली मोजायला अमेरिकन पद्धत सरळ आहे. खालचं झाकण काढायचं, पेचकसाने पिनियन रिंगेत ओढायचा आणि पिनियनच्या दाताचा शेंडा व रिंगेची खाच यांमध्ये 0.020 इंच, म्हणजे 0.5 मिलिमीटर जाडीची तार घालून बघायची. गेलीच नाही तर दात खोल बसलेत, सैल खुळखुळली तर उथळ. आपल्या गाडीत आत डोकावायला जागाच नसते. मग पिनियनच्या दातांना मार्किंग ब्लू, म्हणजे खुणेचा निळा रंग, लावा. नसेल तर घरातली जुनी लिपस्टिक चालते, बायकोला विचारून. सेल्फ बसवा, बॅटरी जोडून चार-पाच वेळा मारा, उतरवा. रंग दाताच्या अर्ध्या रुंदीवरूनच पुसला गेला असेल तर पोच कमी. पूर्ण रुंदीवर पुसला पण फक्त शेंड्याकडे, तर खोली कमी. रंग दाताच्या शेंड्याच्या माथ्यावरूनच घासून गेला असेल, तर दात रिंगेच्या तळाला टेकतायत.

हे माप एकाच जागी घेऊन समाधान मानू नका. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण दोनच ठिकाणी थांबतं, एकमेकांसमोर. रिंग तिथेच खाल्ली जाते, बाकी नव्यासारखी. इंजिन हाताने फिरवत निदान तीन-चार ठिकाणी बघा. आणि रिंग खाल्लेली निघाली तर 'उलटी करून बसव' म्हणणाऱ्याला एक प्रश्न विचारा: कड मारलेली बाजू मग कुठे जाणार? ती गेली उलट बाजूला, आणि पिनियन येऊन धडकणार सरळ, बोथट दातांवर. त्यापेक्षा रिंग तापवून सैल करा, तीच बाजू पुढे ठेवून पाव फेरा फिरवा आणि तिथे बसवा. खाल्लेले दात पिनियनच्या वाटेतून बाजूला जातात.