ताळा जुळणे वेगळे, प्रयोग पुन्हा जमणे वेगळे

‘रिप्रोड्युसिबल’ आणि ‘रेप्लिकेबल’ हे शब्द संशोधकांच्या बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी फिरतात. मराठीत दोन्हींना ‘पुनरुत्पादनक्षम’ म्हणून मोकळे होता येते, पण तो शब्द ऐकायला पोल्ट्रीतला वाटतो. त्यापेक्षा शाळेतल्या गणिताचा ताळा बरा.

तीच आकडेवारी, तोच कोड वापरून तेच उत्तर आले, तर ताळा जुळला. ही रिप्रोड्युसिबिलिटी. नवी माणसे, नवे नमुने घेऊन प्रयोग पहिल्यापासून केला आणि निष्कर्ष टिकला, तर ती रेप्लिकेशन. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या 2019 च्या अहवालात साधारण हीच फोड आहे. संगणकशास्त्रातल्या एसीएम या संघटनेने हे शब्द उलटे वापरले होते. 2020 मध्ये तिने त्यांची अदलाबदल केली.

ताळा चुकल्याचे गाजलेले उदाहरण अर्थशास्त्रातले. सरकारी कर्ज जीडीपीच्या 90 टक्क्यांपुढे गेले की अर्थव्यवस्थेची सरासरी वाढ उणे 0.1 टक्क्यावर येते, असे राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी 2010 मध्ये मांडले. थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला ते गणित काही केल्या जुळेना. त्याने लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मागवली. सरासरीचे सूत्र 49 व्या ओळीपर्यंत जायला हवे होते, ते 44 व्या ओळीवरच थांबले होते. पाच देश गळाले होते. जास्त फरक मात्र काही वर्षे वगळल्यामुळे आणि सरासरीत प्रत्येक देशाला दिलेल्या भारामुळे (वेटेज) पडला होता. 2013 मध्ये आलेला दुरुस्त आकडा: अधिक 2.2 टक्के.

2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास नव्याने करून पाहिले, तेव्हा सांख्यिकीय दृष्ट्या ठळक, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज झटकता न येणारे निष्कर्ष केवळ 36 टक्क्यांत आले. मूळ अभ्यासांत ते प्रमाण 97 टक्के होते. ही बाब रेप्लिकेशनची. मूळ बेरीज अचूक असूनही असे होऊ शकते.

संशोधनाची आकडेवारी आणि कोड जमा करून जपणाऱ्या ग्रंथालयाच्या हातात प्रयोग पुन्हा करणे नाही, हे खरे. एवढ्यावरून ‘हे आमचे काम नव्हे’ म्हणणारे ग्रंथपाल घोटाळा करतात, कारण ताळ्याची बाजू जवळपास सगळी त्यांच्याच कामाची आहे. आकडेवारीसोबत प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी रीडमी फाइल आहे का? सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहिली आहे का? गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचा कोड मालकाने काढला की लिंक मेली; तोच कोड सर्नने 2013 मध्ये सुरू केलेल्या झेनोडो या संशोधन-भांडारात ठेवला, तर त्या आवृत्तीला कायमचा डीओआय, म्हणजे न बदलणारा ओळख-क्रमांक मिळतो. सगळ्यात उपयोगी काम अगदी साधे आहे: जमा झालेले फोल्डर दुसऱ्याच संगणकावर उघडून कोड चालतो का ते पाहणे. संशोधकाच्या ‘डी’ ड्राइव्हचा पत्ता कोडमध्ये राहिला असेल, तर तो तिथेच अडकतो.

आपल्याकडे शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, प्रबंधाची पीडीएफ मिळते. त्यातल्या तक्त्यामागची एक्सेल फाइल बहुधा विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवर राहते. हर्न्डनला निदान मागितल्यावर ती मिळाली होती.