पेनड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टीम चालते कशी?

हार्ड डिस्क काढून टाकलेला संगणकसुद्धा एका पेनड्राइव्हच्या जोरावर सुरू होतो, ब्राउझर उघडतो, पत्र टंकू देतो. संगणक दुरुस्त करणाऱ्यांना यात नवल वाटत नाही. मात्र यातली खरी अडचण पेनड्राइव्हवरून वाचण्याची नसून त्यावर लिहिण्याची आहे, आणि ती टाळण्यासाठी केलेली योजना हाच यातला सर्वांत हुशारीचा भाग आहे.

पेनड्राइव्हमधल्या फ्लॅश चिपवर माहिती काही किलोबाइटांच्या पानांत लिहिली जाते. लिहिलेले पान जागच्या जागी बदलता येत नाही. त्यासाठी अशा अनेक पानांचा मिळून झालेला अख्खा ब्लॉक आधी पुसावा लागतो, आणि प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो. एसएसडीतही (हार्ड डिस्कच्या जागी वापरल्या जाणाऱ्या वेगवान ड्राइव्हमध्येही) चिप याच जातीची असते, पण तिथला कंट्रोलर, म्हणजे चिपचा कारभार पाहणारा भाग, हा पसारा सांभाळण्याइतका सक्षम असतो. स्वस्त पेनड्राइव्हमधला कंट्रोलर मोठी फाइल सलग उतरवून घेण्यापुरताच बनवलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टीम तर लॉग, कॅशे, तात्पुरत्या फाइली असे काहीबाही सतत लिहीत असते. त्यामुळे ती हार्ड डिस्कवर करतात तशीच पेनड्राइव्हवर इन्स्टॉल केली, तर यूएसबी ३.० चा सेकंदाला ५ गिगाबिटचा वेग कागदावरच राहतो आणि साधी विंडो उघडतानाही संगणक अडखळतो.

यावरचा उपाय पेनड्राइव्हचा जमाना येण्यापूर्वीच, सीडीच्या काळात सापडला होता. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली ‘क्नॉपिक्स’ ही सीडीवरून चालणारी लिनक्स प्रणाली आणली, तेव्हा तयार सीडीवर काही लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. सुमारे २ जीबीचे सॉफ्टवेअर दाबून ७०० एमबीच्या सीडीत बसवायचे, लागेल तेवढाच भाग उलगडून वाचायचा आणि होणारे बदल रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवायचे, ही ती पद्धत होती. आज हेच काम प्रामुख्याने लिनक्सच्या गाभ्यातले, म्हणजे कर्नलमधले, दोन घटक करतात: २००९ मध्ये समाविष्ट झालेली, फक्त वाचता येणारी, दाबून ठेवलेली फाइल व्यवस्था ‘स्क्वॉशएफएस’ आणि २०१४ मध्ये आलेली ‘ओव्हरलेएफएस’.

छापील पानावर बटर पेपर ठेवून त्यावर खुणा कराव्यात, तसे ओव्हरलेचे काम चालते. खाली पेनड्राइव्हवरची मूळ प्रत असते, वर रॅममधला रिकामा थर, आणि वापरणाऱ्याला दोन्ही मिळून एकच फाइल व्यवस्था दिसते. मूळ फाइलमधले एक अक्षर जरी बदलले, तरी ती फाइल आधी वरच्या थरात पूर्ण उतरवली जाते आणि बदल तिथे होतो. फाइल ‘डिलीट’ केली, तर खालची प्रत जशीच्या तशी राहते. वरच्या थरात केवळ ‘ही फाइल दाखवू नये’ अशी खूण पडते. संगणक बंद केला की वरचा थर नाहीसा होतो. गोपनीयतेसाठी बनवलेली ‘टेल्स’ ही प्रणाली याच विसरभोळेपणावर उभी आहे.

सुरुवातीला मात्र एक पेच असतो. पेनड्राइव्ह वाचण्यासाठी कर्नलला यूएसबीचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारे छोटे सॉफ्टवेअर, हवा, आणि तो ड्रायव्हर तर पेनड्राइव्हवरच आहे. म्हणून संगणकाच्या फर्मवेअरची, म्हणजे मदरबोर्डवरच असलेल्या आणि सर्वांत आधी चालणाऱ्या यूईएफआय या सॉफ्टवेअरची, मदत घेऊन कर्नलसोबत एक छोटी तात्पुरती फाइल व्यवस्था आधीच रॅममध्ये चढवली जाते, आणि गरजेचे ड्रायव्हर तिच्यात असतात. त्यानंतर कर्नल आपला पेनड्राइव्ह शोधतो तो लेबलवरून किंवा ओळख क्रमांकावरून, कारण लिनक्स ड्राइव्हना क्रमाने नावे देते, आणि एका संगणकावर ‘एसडीए’ असलेला ड्राइव्ह दुसऱ्यावर ‘एसडीबी’ होऊ शकतो.

केलेले काम टिकवायचे असेल, तर वरचा थर रॅमऐवजी पेनड्राइव्हच्याच वेगळ्या पार्टिशनवर (राखून ठेवलेल्या भागावर) ठेवता येतो. याला ‘पर्सिस्टन्स’ म्हणतात. सोय चांगली आहे, पण लिहिण्याचे दुखणे त्याबरोबर परत येते, आणि संगणक बंद न करता ड्राइव्ह ओढून काढला तर हा थर बिघडण्याचा धोका असतो. रोजच्या कामासाठी यूएसबीवर लावलेली बाह्य एसएसडीच घ्यावी, साधा पेनड्राइव्ह नव्हे. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ८ सोबत ‘विंडोज टू गो’ ही यूएसबी ड्राइव्हवरून विंडोज चालवण्याची सोय देताना निवडक प्रमाणित ड्राइव्हच मान्य केले होते. २०२० मध्ये विंडोज १० च्या ‘२००४’ या क्रमांकाच्या आवृत्तीतून ती सोय काढण्यात आली.

बंद पडलेल्या विंडोजमधून फोटो आणि कागदपत्रे बाहेर काढणे हा या तंत्राचा सर्वांत उपयोगी भाग. मात्र बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी सोय, चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसताना डिस्क उघडत नाही.

अशी पेनड्राइव्हवरून चालणारी, म्हणजेच ‘लाइव्ह’, प्रणाली हार्ड डिस्कला आपणहून सहसा हात लावत नसली, तरी मदरबोर्डवरच्या घड्याळाला लावू शकते. विंडोज त्या घड्याळातली वेळ स्थानिक मानते, तर लिनक्स ती जागतिक प्रमाणवेळ समजते. इंटरनेटवरून वेळ जुळवून लिनक्सने ती घड्याळात लिहिली, तर पुढच्या वेळी भारतातले विंडोज साडेपाच तास मागे दिसू शकते. अशा वेळी घड्याळाचा सेल बदलायची गरज नसते. विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ पुन्हा जुळवून घेतली की पुरते.