कंपनीला, सोसायटीला बिल देताना नेमकं कुठे अडतं

इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पेंटर ही मंडळी काम चोख करतात, पण बिल अकाउंट्समधून परत येतं आणि पैसे महिनोन् महिने लटकतात. कारणं बहुतेक तीच ती, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. बिलबुकावर छापलेलं असतं 'अमुक इलेक्ट्रिकल्स', पॅनवर पूर्ण नाव, आणि पासबुकात वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. अकाउंट्सवाल्याला ही तीन वेगळी माणसं दिसतात. बिलावर दुकानाच्या नावाखाली 'प्रोप्रायटर' म्हणून पॅनवर आहे अगदी तस्संच नाव लिहा, बँकेतही तेच करून घ्या. कॅन्सल चेक मागतात तोही नाव छापलेला, आणि नेमकं तेच चेकबुक कित्येकांकडे नसतं, मग आज या उद्या या सुरू होतं. बँकेकडून नावाचं चेकबुक मागवा, तोवर पासबुकाच्या पहिल्या पानाच्या झेरॉक्सवर बँकेचा सही-शिक्का घेऊन देऊन बघा.

बाकी बिलात नंबर, तारीख, पार्टीचं नाव-पत्ता, कामाचा तपशील, रक्कम, सही. झालं.

आता जीएसटी. नंबर नाही म्हणून बिलच देता येत नाही, असं कुणी सांगितलं तर ते साफ चूक आहे. महाराष्ट्रात काम करून देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा नंबर सक्तीचा नसतो. पण उलाढाल म्हणजे नफा नव्हे हो! वायर, पाइप, रंग जे काही बिलात लावलं ते सगळं धरायचं, एका पॅनवरचे सगळे धंदे मिळून. 40 लाखांचा आकडा ऐकून लोक निर्धास्त राहतात, तो फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. मर्यादा ओलांडली की 30 दिवसांत अर्ज करायचा, वर्ष संपायची वाट बघायची नाही. आणि नंबर नसताना बिलात 18 टक्के कधीच लावू नका, अंगाशी येईल.

पार्टीने बिलातून टीडीएस, म्हणजे तुमच्या नावावर आधीच भरायचा इन्कम टॅक्स, कापला की भांडू नका. एक बिल 30 हजारांच्या वर किंवा एकाच पार्टीचं वर्षाचं काम 1 लाखाच्या वर गेलं की 1 टक्का कापतात. मात्र पॅन दिलं नाही किंवा आधारला लिंक नसल्याने ते बंद पडलं असेल तर थेट 20 टक्के. कापलेले पैसे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर दिसतात, टॅक्स लागत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात, पण रिटर्न भरायलाच हवा.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, तरी एजंट लोक गरिबाकडून त्याचे पैसे उकळतात याचा संताप येतो. आधार, पॅन आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल लागतो, ओटीपी त्यावरच येतो. ही नोंदणी काम घ्यायच्या आधीच करून ठेवा, पेमेंट अडकल्यावर नाही. उद्यम असलेल्या छोट्या उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांतच पैसे द्यायचे, असा कायदा आहे. हे दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले जात नाहीत, काम ताब्यात घेतल्यापासून मोजतात. त्यामुळे काम संपलं त्याच दिवशी साध्या कागदावर 'काम पूर्ण, तक्रार नाही' असं लिहून तारखेसकट सही घ्या, सेक्रेटरी घाईत असला तरी थांबून घ्या.